पऱ्हाटीच्या जागी वसलेलं गाव

सन सिटी, ॲरिझोना
28 डिसेंबर 2025

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद. ननदबाईंना आमचा दोघांचा नमस्कार, भाऊजींना आणि लेकरांना आशीर्वाद.

तुम्ही तिकडेच राहणार का, असं भाऊजींनी फोनवर विचारलं, ते आधी सांगून टाकते. आम्ही इकडे राहणार नाही. महाशिवरात्रीच्या आधी घरी पोचतो, तेव्हा वावर मक्त्यानं द्यायचा विचार सोडा. फोनवर बोलणं तुटक होतं आणि मधेच कुकरची शिटी होते, म्हणून बाकीचं सावकाश लिहून पाठवते. ननदबाईंना मोठ्यानं वाचून दाखव.

मिनियापोलिसला मोठ्या लेकाकडे नोव्हेंबरातच बर्फ पडायला लागला. ह्यांचे गुडघे धरले, मला दाराबाहेर पाय टाकायची भीती. मग मोठ्यानं हिवाळ्यापुरतं इथं घर भाड्यानं घेऊन दिलं. इथली हवा अगदी आपल्या डिसेंबरासारखी. दिवसा स्वेटर काढावं लागतं आणि पहाटे गोधडी लागते. बर्फाच्या राज्यांतून अन् कॅनडातून म्हातारी माणसं हिवाळ्यात इकडे उतरतात आणि ऊन तापायच्या आत परत जातात.

हे गाव म्हणजे एक नवलच आहे, माय. घरात एक तरी माणूस पंचावन्न वर्षांच्या वरचं पाहिजे, असा इथं नियम. आणि एकोणीस वर्षांच्या आतल्या पोट्ट्यांनी कायम राहायचं नाही. पाहुणे म्हणून यावं, ठराविक दिवस राहावं अन् जावं. आपली नातवंडं नाताळाच्या सुटीत आली ती अशीच पाहुणी म्हणून. ननदबाई विचारतील, मग हे म्हातारे भांडतात तरी कोणाशी? तर एकमेकांशी भांडतात. पत्त्यांवरून, गोल्फवरून, कोणाच्या झाडाची पानं कोणाच्या अंगणात पडली त्यावरून.

1 जानेवारी 1960 ला हे गाव विकायला खुलं झालं. डेल वेब नावाच्या बिल्डरनं बांधलं. त्याच्या आधी इथं काय होतं माहीत आहे? पऱ्हाटी! कापसाची मोठमोठी वावरं होती. हे ऐकल्यापासून तुझे जेठ या गावाला आपलंच समजतात. त्यांनी मोठ्याच्या मागे लागून फीनिक्स शहराच्या पश्चिमेकडचा कापूसही पाहून घेतला. आधी फवारा मारून पानं गाळून टाकतात, मग मशीन फिरतं आणि त्याच्या पोटातूनच पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मोठा गठ्ठा बाहेर पडतो. वावरात बाई नावाला नाही. मला चैन पडेना. कोणी गाणं म्हणत नाही, कोणी ओटीत कापूस भरून बांधावर टेकत नाही. यंदा सीतादहीला, पहिल्या वेचणीच्या पूजेला, दहीभात कोणी नेला? आणि बाया वेचाईचा किलोमागं काय भाव मागतात ते कळव.

पुढचं भाऊजींसाठी, हे शेजारी बसून सांगत आहेत. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आपली पऱ्हाटी खाल्ली, ती अळी इथंही होती. इथल्या शेतकऱ्यांनी अळीला मारक असा बीटी कापूस लावला, पण त्याच्यावरच भिस्त ठेवली नाही. नर-मादी वांझ केलेले पतंग विमानांतून वावरांवर सोडले, म्हणजे त्यांच्याशी जोडी जमली की अंडी वायाच जातात. वर्षानुवर्षं सगळ्या भागानं मिळून हे केलं आणि 2018 साली अमेरिकेच्या सरकारनं ही अळी देशातल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं. एका शेतकऱ्याचं हे काम नाही, असं हे दर दोन वाक्यांनी म्हणून राहिले. पाहा बाप्पा, आपल्याकडे अळी राहू नये म्हणून पराट्या वेळेवर उपटायच्या म्हटलं तर चार बांधांवर चार मतं.

संत्रीही आहेत इथं, अंगणाअंगणांत. रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या बुडांना पांढरा रंग दिलेला पाहून हे भारी खूश झाले, म्हणाले बोर्डो पेस्ट, आपला मोरचूद-चुन्याचा लेप, लावली. शेजारच्या आजोबांना डिंक्या रोग, मोरचूद, चुना असं सगळं हातवाऱ्यांनी समजावून झालं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, उन्हानं साल भाजू नये म्हणून नुसता रंग लावतात. फळं लोक खोक्यात भरून दारापुढं ठेवतात, फुकट न्या म्हणून. गोड आहेत, पण साल निघता निघत नाही. सुरी घ्यावी लागते. आपल्या आंबिया बहाराचं संत्रं कसं नखानं मोकळं होतं!

नाताळ आम्ही मजेत पाहिला. इथले ते उंच काटेरी निवडुंग असतात ना, सग्वारो म्हणतात, त्यांना लोकांनी बुडापासून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. कागदी पिशव्यांत वाळू घालून वर मेणबत्ती ठेवतात, अशा पिशव्यांच्या रांगा फाटकापर्यंत. मागच्या गल्लीतल्या मेक्सिकन बाईंनी तमाले दिले. मक्याच्या कणसाच्या सालीत पीठ आणि सारण घालून वाफवतात. मी आपले पानात गुंडाळून भाजलेले पानगे समजूनच सोलले. सालीला धुराचा वास नव्हता एवढंच. तिच्या घरी त्या दिवशी लेकी-सुना-नातवंडं सगळी बसून तमाले बांधत होती, तेव्हा मला तुझी आठवण आली. बोलत बोलत हात चालवायचे, तसंच.

आता आमच्या पन्नासाव्याचं. 12 तारखेला लग्नाला पन्नास वर्षं भरली. 1975 सालच्या त्या लग्नात धनुर्मास लागायच्या आत उरकायची कोण घाई, तू तर तेव्हा या घरात नव्हतीसच. इथं दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये नाताळाचं जेवण होतं, ज्यानं त्यानं आपापलं भांडं घेऊन यायचं. मी पाटोडी नेली, तिखट हात आखडून घातलं, तरी दोघांच्या डोळ्यांत पाणी. जेवणं झाल्यावर बाजा सुरू झाला आणि माइकवाल्यानं सगळ्या जोडप्यांना मधे बोलावलं. लग्नाला पाच वर्षं न झालेल्यांनी बसावं, मग दहा, मग वीस, असं तो म्हणत जातो. सत्तरी ओलांडलेले म्हातारे पहिल्या फेरीतच बसायला लागले. मला काही उमगेना.

शेजारची जोडी दहाला बसली. तिचा पहिला नवरा एक्केचाळीस वर्षांच्या संसारानंतर गेला, त्याची पहिली बायको तेहेतीस वर्षांनी. या दोघांचं लग्न होऊन सहा वर्षं झाली. ती हसून म्हणाली, "सगळी मिळून मोजली तर ऐंशी भरतात, आम्हीच जिंकलो." पहिल्या दोघांचे फोटो दिवाणखान्यात एकाच फळीवर आहेत. आधी मला कसंसंच झालं, खरं सांगते. पण ती रोज सकाळी त्या दोन्ही फोटोंवरची धूळ सारख्याच हातानं पुसते, हे मी पाहिलं. आपल्या ननदबाई अठ्ठाविसाव्या वर्षी माहेरी आल्या, तेव्हा घरात कोणी दुसऱ्या लग्नाचा विषय तरी काढला होता का? तेव्हा मी मोठी सून होते आणि मीही काढला नाही. हा भाग त्यांना वाचून दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

आम्ही पन्नासापर्यंत उभे होतो. पन्नास वर्षांत चारचौघांत हात न धरलेले हे माझं कोपर असं पकडून होते, जसं नाल्याचं पाणी ओलांडायचं आहे. शेवटी एकच जोडी उरली, त्रेसष्ट वर्षांची. टाळ्या त्यांना.

इथली माणसं लेकरांची वाट पाहत बसत नाहीत, हे मला आवडलं. लाकडाचं काम करतात, गोधड्या शिवतात. नारिंगी बंड्या घालून रस्त्याकडेचा कचरा स्वतः उचलतात, पगार नाही काही नाही. हेही चिमटा घेऊन त्यांच्यात जातात. 20 तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी होती, त्या दिवशी तर खराटा नाही म्हणून हळहळले. पण समोरच्या घरातले आजोबा गेले ते मला कळलं, तेव्हा सामान न्यायची गाडी दारात लागली होती. रडण्याचा आवाज नाही, चूल बंद नाही, कोणाची चार माणसं ओसरीवर नाहीत. शेजारीण म्हणाली, त्यांना असंच हवं होतं. असेल. मला नको.

म्हणून येतो. मोठा पन्नासाव्याची जेवणावळ अमरावतीला हॉल घेऊन घालायची म्हणतो. त्याला मी नाही म्हटलं आहे, तू मधे पडून हो म्हणू नकोस. संत्र्याच्या बगीच्यात विहिरीपाशी रोडगे करू. गोवऱ्या आतापासून साठवून ठेव, वांगी कास्तकाराकडूनच घे, बाजारातली नको. घरची, भावकीतली आणि वेचायला येणाऱ्या बाया, एवढीच माणसं. तुझ्या माहेरचे आले तर आनंदच.

मृग बहाराच्या संत्र्यांना व्यापारी आला तर आम्ही आल्याशिवाय सौदा करू नका, असं हे सांगतात. मी म्हणते, भाव बरा देत असेल तर थांबू नका. ह्यांना मी पाहून घेईन.

तुझी,
मोठी जाऊ