दारातला ठेका आणि डिकीतला दणका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाडीतील म्युझिक सिस्टिमविषयी आलेला लेख वाचला. नवी गाडी दारात आली की सीटकव्हरच्या पाठोपाठ लोक हौसेने जिच्यावर खर्च करतात, त्या वस्तूबद्दल मराठीत कोणी सविस्तर लिहिले याचे समाधान वाटले. मात्र बेस कमी वाटत असल्यास डिकीत बारा इंची सबवूफर (सर्वांत खालचे, जाड स्वर वाजवणारा मोठा स्पीकर) बसवून घ्यावा, हा त्यातील सल्ला मला घाईचा वाटतो. गेली सव्वीस वर्षे मी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या दुरुस्तीचे काम करतो. ‘बेस नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये उणीव सबवूफरची नसते, ती पुढच्या दारांतील मिडबेसची असते, असा माझा अनुभव आहे.

मिडबेस म्हणजे ढोबळमानाने 80 ते 300 हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपने) हा पट्टा. डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची धूम आणि पुरुषी आवाजाचा भरदारपणा यांचा मोठा भाग याच पट्ट्यात असतो. तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत राहत असल्याने मला तंबोऱ्याचे उदाहरण आधी सुचते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यात जोडाच्या (मधल्या दोन) तारा सुमारे 139 हर्ट्झवर आणि खर्ज (सर्वांत जाड तार) त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास लागतो. क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफर आणि दारातील स्पीकर यांच्यातील स्वरांच्या वाटणीची सीमा, 100 हर्ट्झवर ठेवला तर खर्जाचे मूळ कंपन डिकीत जाते आणि जोड दारात राहतो. खर्जाच्या तारेत वरचे स्वरांशच अधिक ऐकू येत असल्याने तंबोऱ्याच्या बाबतीत ही फाळणी एक वेळ खपून जाते. डग्ग्याच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. मनगटाचा दाब देत वादक घिस्सा काढतो तेव्हा स्वर सरकत वर जातो, आणि दोन स्पीकरांची जुळणी नीट नसेल तर तो घिस्सा डिकीत सुरू होऊन ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी संपल्यासारखा ऐकू येतो.

तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात बारा इंची सबवूफर आणि सीटखाली अ‍ॅम्प बसवून घेतला होता. पहिल्याच दिवशी कोल्हापूर रस्त्यावर रेडिओच्या बातम्या लागल्या आणि पत्नीने मागे वळून विचारले, “अहो, मागे कोण बोलतंय?” प्रश्न अगदी रास्त होता. अ‍ॅम्पवरील लो-पासचे (फक्त खालचे स्वर पुढे जाऊ देणाऱ्या फिल्टरचे) बटण 120 हर्ट्झवर होते आणि फिल्टरचा उतार होता सप्तकाला 12 डेसिबल, म्हणजे 240 हर्ट्झलाही आवाज जेमतेम 12 डेसिबलने खाली आलेला. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 85 ते 155 हर्ट्झ या पट्ट्यात असतो. आवाज कुठून येतो हे कानाला 80 हर्ट्झच्या खाली सहसा सांगता येत नाही, पण त्याच्या वर ते हळूहळू समजू लागते. त्यामुळे निवेदकाचा अर्धा आवाज डिकीतून येत होता आणि तो तिथून येतो हे कानाला कळतही होते.

मग दारातील स्पीकरलाच सगळे वाजवू द्यावे, असे कोणी म्हणेल. तेही चालत नाही. तितक्याच मोठेपणाने एक सप्तक खालचा स्वर वाजवायचा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागे-पुढे हलावे लागते. साडेसहा इंची स्पीकर 80 हर्ट्झला जितका हलतो त्याच्या चौपट त्याला 40 हर्ट्झला हलावे लागेल, आणि त्याच्या रचनेत तेवढी मोकळीक क्वचितच असते. माझ्या टेबलावर येणाऱ्या फाटक्या सराउंडच्या (पडद्याभोवतीच्या लवचीक कडेच्या) आणि जळक्या कॉइलच्या स्पीकरांना बहुधा खालचे स्वर अडवणारा हाय-पास फिल्टर लावलेलाच नसतो.

म्हणून साडेसहा इंची मिडबेससाठी 70 ते 80 हर्ट्झचा हाय-पास आणि सप्तकाला 24 डेसिबलचा उतार येथून सुरुवात करावी, सबवूफरचा लो-पासही तेवढ्यावरच ठेवावा, आणि मग कानाने थोडे इकडे-तिकडे करावे. लिंकविट्झ आणि रायली या अभियंत्यांनी 1976 मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन्ही फिल्टर जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूवर प्रत्येकी 6 डेसिबल खाली असतात आणि त्यांची बेरीज सपाट येते. अर्थात हे कागदावर झाले. दार आणि केबिन त्यात स्वतःची भर घालतात, म्हणून दोन्ही बटणांवरचे आकडे सारखे असलेच पाहिजेत असा हट्ट नको. मिडबेस 120 वर आणि सबवूफर 60 वर, असा फट ठेवणारा प्रकार मात्र टाळावा, कारण डग्गा नेमका त्या फटीत पडतो. शिवाय सबवूफर दारातील स्पीकरपेक्षा एक मीटर दूर असेल तर 80 हर्ट्झला तेवढ्यानेच जवळजवळ पाव लहरीचा फरक पडतो. फेजचे (सबवूफरचे कंपन उलटवणारे) बटण दोन्हीकडे फिरवून आणि स्टिरिओ युनिटमध्ये डिलेची (आवाज किंचित उशिरा सोडण्याची) सोय असल्यास ती वापरून पाहावी, कारण या फुकटच्या उपायाने कधीकधी नव्या स्पीकरइतका फरक पडतो.

आता निवडीबद्दल. खोक्यावरचे ‘300 वॅट’ वाचून स्पीकर घेऊ नये. स्टिरिओवर ‘50 वॅट गुणिले 4’ असे छापलेले असते, परंतु गाडीच्या 14.4 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला हिशेबानेच जास्तीत जास्त 26 वॅट मिळतात, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. वॅटऐवजी थील आणि स्मॉल या अभियंत्यांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे मागावेत. त्यांपैकी एफएस म्हणजे स्पीकरचा स्वतःचा कंपनांक, आणि तो आपल्या हाय-पासच्या पुरेसा खाली हवा. क्यूटीएस, म्हणजे पडद्याचे कंपन किती आवरले जाते हे सांगणारा आकडा, दारासाठी 0.5 ते 0.7 च्या आसपास असलेला बरा, कारण दार ही बंद पेटी नव्हे, 0.3 चा स्पीकर कितीही महागडा असला तरी दारात हडकुळा वाजतो. एक्समॅक्स म्हणजे पडद्याची हलण्याची मर्यादा, आणि मिडबेसचे दमदारपण बरेचसे तिच्यावर अवलंबून असते. याखेरीज स्पीकर दारात किती आत जाईल त्या खोलीचे माप काच पूर्ण खाली उतरवून घ्यावे. हे न केल्यामुळे स्पीकरच्या चुंबकावर अडकलेली काच मी स्वतः सोडवली आहे.

वरचे टोक थोडक्यात सांगतो. साडेसहा इंची पडदा 2500 हर्ट्झच्या वर टॉर्चच्या झोतासारखा वाजतो, आणि दारात तो झोत थेट पायांवर पडतो. त्यामुळे ट्वीटरने (वरचे, बारीक स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरने) त्याच्या कुवतीनुसार 2500 ते 3500 दरम्यान सूत्रे हाती घ्यावीत.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते दार. डोअर पॅड (दाराचे आतले आवरण) काढला की आतल्या पत्र्यात हात जाईल एवढी भोके दिसतात आणि त्यांवर कंपनीने चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा कागद असतो. स्पीकरच्या मागच्या बाजूचा आवाज या भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला खोडून काढतो. बेस ‘गायब’ होतो तो येथेच. ती भोके पत्र्याने किंवा ब्युटाइलच्या डॅम्पिंग शीटने बंद करावीत आणि स्पीकरच्या रिंगखाली फोम लावावा, परंतु दाराच्या तळाची पाणी निथळण्याची छिद्रे उघडीच ठेवावीत, नाहीतर एका पावसाळ्यात तळ गंजू लागेल. तारा जोडण्यापूर्वी पेन्सिल सेलची दोन टोके क्षणभर स्पीकरच्या तारांना लावून पाहावीत. धन टोक धनाला असताना पडदा बाहेर आला तर ध्रुव बरोबर आहेत. एका दारात हे उलटे झाले तर दोन्ही दारे एकमेकांचा बेस खातात, आणि गिऱ्हाईक मोठा सबवूफर मागत दुकानात परत येते.

माझ्या गाडीत मी सबवूफरची तार काढून ठेवली, दोन्ही दारे बंदिस्त केली आणि महिनाभर तशीच गाडी चालवली. नंतर तोच सबवूफर 70 हर्ट्झवर, आवाज निम्म्याने उतरवून पुन्हा जोडला. ठेका आता डॅशबोर्डच्या बाजूने येतो आणि बातम्या सांगणारा माणूस पुढे येऊन बसला आहे.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख आला, तर त्यात सबवूफरच्या इंचांबरोबर हाय-पास, लो-पास आणि उतार यांचे आकडेही छापावेत, अशी विनंती आहे. वाचकांनीही दुकानात डेमो ऐकताना आधी सबवूफर बंद करायला सांगून पुढची दारे ऐकावीत.

आपला,
एक वाचक, मिरज