लॉट नंबर बघ

पुणे, ११ जानेवारी

प्रिय विनू,

पोरीचा, चिनूचा प्रोनचा (पालथं झोपून नेम धरण्याचा) स्कोअर पुढे सरकेना म्हणून तू तिच्या रायफलला नवी बॅरल, म्हणजे नळी, घ्यायला निघालायस म्हणे! जरा दम धर. आधी काडतुसांच्या डबीवरचा लॉट नंबर, म्हणजे ती कुठल्या खेपेत बनली त्याचा आकडा, बघ.

मीही असाच फसलो होतो. पॉइंट टू-टू रायफलची महागातली महाग मॅच अ‍ॅम्युनिशन (स्पर्धेची काडतुसं) घेतली आणि बालेवाडीच्या रेंजवर महिनाभर श्वासाला, ट्रिगरला, शेवटी चष्म्यालाही दोष देत बसलो. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळून झाडली, तरी छिद्रांचा ग्रुप उभाच्या उभा फाटलेला! मग त्याच कंपनीचा, त्याच नावाचा दुसरा लॉट लावला आणि दहा छिद्रं अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली.

त्याचं असं आहे, या काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि दारू जेमतेम चिमूटभर. एवढ्याशा मापात किंचित उणं-अधिक झालं तरी वेग हलतो. वेग सेकंदाला १० मीटरनं घटला, की ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर खाली. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ सगळं मिळून १०.४ मिलिमीटरचं आणि एक वळं ८ मिलिमीटरचं, म्हणजे जवळजवळ अख्खा गुण गेला. पोरीची काही चूक नसताना! आणि आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं कांस्य ४५१.४ चं, तिथं दशांशही मोजतात.

वेगवान गोळीला वारा कमी लागेल, हा तुझा तर्क मात्र उलटा पडतो. ती आवाजापेक्षा जोरात सुटते आणि वाटेत भराभर वेग गमावते; वारा याच गमावण्याचा फायदा घेतो. म्हणून मॅचची गोळी मुद्दाम सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास, आवाजाच्या वेगाखाली ठेवतात.

कुठला लॉट चांगला, हे मला विचारू नकोस. माझ्या बॅरलला मानवला तो तिच्या बॅरलला मानवेलच असं नाही. लोक रायफल घेऊन थेट बर्मिंगहॅमला इले या काडतूस कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात ते काय उगाच? आपण रेंजवर जे चार लॉट मिळतील ते लावून बघू. प्रत्येकाच्या पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजायच्या नाहीत, बॅरलमध्ये आधीच्या गोळीच्या मेणाचा थर असतो. जमलेला लॉट मात्र परवान्यात बसेल तेवढा लगेच उचल, पुढच्या महिन्यात तो मिळत नाही.

रविवारी सकाळी सातला या, वारा सुटायच्या आत. व्हाइस माझ्याकडे आहे. वहिनींच्या हातचा कांदा-लसूण मसाला विसरलास तर मात्र व्हाइस मिळणार नाही.

तुझा,
श्री