न्हाणीचा तळ आणि टाकीचा हिशेब

बेळगाव,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय रवळू,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुनर्वसनाच्या इमारतीतल्या तक्रारींची यादी वाचली. रंग उडाला, दारं फुगली, जिन्यात दिवा नाही, भिंतीला ओल, पाणी पुरत नाही. समितीचं काम तुझ्या गळ्यात पडलंच आहे, तर रंगाच्या मागे लागू नकोस. हक्कपत्र हातात असूनही माणसं असलं घर भाड्यानं देऊन जुन्या गल्लीत परततात, ती ओल आणि पाणी या दोन गोष्टींनी वैतागून.

आधी ओल. ३० चौरस मीटरच्या घरात संडास-न्हाणी स्वयंपाकघराला खेटूनच असते. खालच्या छताला डाग पडला की वरच्या बाईशी भांडण जुंपतं. तिचा बिचारीचा काही दोष नसतो. न्हाणीचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खोलगटात विटांचे तुकडे भरून वर फरशी. नहाणी ट्रॅप म्हणजे सांडपाणी जायच्या जाळीखालचं भांडं. त्याच्याभोवतीची फट नुसत्या वाळू-सिमेंटनं बुजवली असली की पाणी तिथून भरावात उतरतं, साठतं आणि वर्षभर झिरपत राहतं. वरून पांढरं सिमेंट घासून काही होत नाही.

ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसव, इंचभर पाणी भर, कडेला पेन्सिलीनं रेघ मार आणि ४८ तास न्हाणी बंद ठेव. पाणी रेघेच्या बरंच खाली गेलं तर तळ गळतोय. पाणी जागच्या जागी आणि डाग मात्र वाढतोय, तर भिंतीतली पाइप धर. तळ गळत असेल तर ट्रॅपभोवतीची फरशी काढ, ओला भराव उपस, फट न आकसणाऱ्या ग्राउटनं भर. वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवर फूटभर चढव. पुन्हा पाणी भरून बघ, मगच फरशी. गवंडी घाई करेल, ऐकू नकोस.

तळमजल्याची ओल वेगळी. बेळगावच्या वडगाव-येळ्ळूर बाजूची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सांडपाण्याचा चेंबर मातीबरोबर हलतो आणि संडासाची चार इंची पाइप भिंतीतून बाहेर पडते तिथंच तुटते. बाहेर काही दिसत नाही, पाणी जोत्याखाली मुरत राहतं. तिथं खणून बघ. नवा जोड रबरी रिंगचा घाल, सिमेंटनं जखडू नकोस.

आता पाणी. १६ घरं, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर: दिवसाला १०,८०० लिटर. नळ चौथ्या दिवशी येतो, म्हणजे जमिनीतली टाकी ४३,००० लिटरची हवी. तुमची १०,००० ची! लोक पाणी उधळतात हा आरोप सरळ खोटा आहे, सभेत ठासून सांग. मोठी मोटर बसवून टाकी लवकर रिकामी होईल, एवढंच.

गच्चीचं थोडक्यात: मृग लागायच्या आत पन्हाळीच्या तोंडच्या जाळ्या साफ करून घे.

दुरुस्तीचा अर्ज कार्यालयात कन्नडमध्ये दे, मराठी प्रत जोड. घर क्रमांक, तारीख, फोटो आणि मोजमाप लिही. नुसतं 'गळती आहे' म्हटलेला अर्ज पडून राहतो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. ठेकेदाराची दोष-दुरुस्तीची मुदत करारात असते, ती आधी विचार. मुदत संपली तर सगळा खर्च तुमच्या डोक्यावर.

न्हाणीत पाणी कधी भरतोस ते कळव. ओळंबा आणि लेव्हलची नळी घेऊन येतो.

तुझा,
परशराम