पाटी कंपनीची, माणसे कुणाचीच नाहीत: कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गुहागर, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली या पट्ट्यात मोबाईलवरून बुक होणाऱ्या स्वस्त हॉटेल साखळ्यांच्या पाट्या आता ठिकठिकाणी दिसतात. इमारत गावातल्या मालकाची असते. खोलीचे भाडे मात्र कंपनी ठरवते, चादर पांढरीच हवी हे कंपनी सांगते, फोटो मागवून तपासणी कंपनी करते आणि प्रत्येक बुकिंगमागे टक्केवारीही कंपनीच घेते. कामगाराचा विषय निघाला की मालक म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते मालकाला विचारा.

१८ खोल्यांच्या हॉटेलात साधारण आठ माणसे असतात: रिसेप्शनला दोघे, हाऊसकीपिंगला दोघे-तिघे, एक आचारी, त्याच्या हाताखाली एक, आणि पंप-जनरेटर-गेट सांभाळणारा एक. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होता. २०२५ च्या दुरुस्तीने ती मर्यादा २० वर गेली. त्याखालच्या मालकाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, की कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, दुप्पट दराने ओव्हरटाइम यातले काही या कायद्याने त्याच्यावर बंधनकारक राहत नाही. ईएसआयला (कामगारांच्या आरोग्य विम्याला) १० माणसे लागतात, पीएफला २०. म्हणजे एकाच पाटीखाली राज्यात शेकडो माणसे राबोत, मोजताना प्रत्येक हॉटेल सुटे धरले जाते आणि सगळी चाळणीतून खाली पडतात.

रिसेप्शनचे गणित बघा. चोवीस तास काउंटर उघडा ठेवायचा तर आठवड्याला आठ-आठ तासांच्या २१ पाळ्या होतात. एक माणूस सहा पाळ्या करील, म्हणजे चार माणसे हवीत. असतात दोन. बारा तास, सातही दिवस, म्हणजे आठवड्याला ८४ तास. रात्रपाळीचा मुलगा काउंटरमागच्या सोफ्यावर डुलकी काढतो त्याला आळस म्हणू नये.

खरी कोंडी सकाळी ११ ते १२ या तासात होते. चेक-आउट ११, चेक-इन १२, ही वेळ कंपनीच्या ॲपवर छापलेली आहे. सीझनच्या रविवारी १४ खोल्या एकदम सुटल्या आणि एका खोलीला अर्धा तास धरला, तर सात तासांचे काम झाले. सफाईला दोघी असल्या तरी शेवटची खोली अडीचला तयार होते. पुण्याहून रात्री निघालेली मंडळी तर आठलाच दारात उभी असतात. बाराच्या चेक-इनचा हिशेब ज्याने बसवला त्याने समुद्रावरून आलेल्या माणसांची मोरी धुतलेली नाही, एवढे नक्की.

किनाऱ्यावरची खोली शहरातल्या खोलीसारखी साफ होत नाही. चादर आधी चारही कोपरे आत घेऊन गाठोड्यासारखी उचलायची आणि गच्चीवर नेऊन झटकायची. खोलीतच झटकली तर फरशी दोनदा पुसावी लागते, न झटकता मशिनमध्ये गेली तर वाळूने ड्रेन पंप अडकतो. मोरीतली जाळी उचलून वाळू हाताने काढायची. घाईत बादलीभर पाणी ओतून ढकलली, तर ती खालच्या बेंडमध्ये बसते आणि दोन दिवसांनी तळमजल्याची मोरी तुंबते. बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही, ट्रॉली नाही. बादली, झाडू आणि ओल्या चादरींचे गाठोडे घेऊन तीन मजले.

पाण्याचे आणखी वेगळे. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असते आणि मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही. लोहाच्या पाण्यात चादर पांढरी करायला ब्लीच घातले, तर लोह गंजासारखे धाग्यात बसते आणि चादर आणखी पिवळी पडते. तो डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड लागते आणि ते हाताळायला रबरी हातमोजे. ॲसिड येते, हातमोजे येत नाहीत. पिवळ्या चादरीचा फोटो ॲपवर गेला की रेटिंग पडते आणि बोलणी खाते धुणारी.

सगळ्यात धोक्याची गोष्ट कमोडच्या ॲसिडची. ते दहा मिनिटे मुरू द्यायचे, ब्रश मारायचा, फ्लश करून भरपूर पाणी सोडायचे, मगच दुसरे काही वापरायचे. घाईत दहाची दोन मिनिटे होतात, ॲसिड भांड्यातच राहते आणि पिवळ्या फरशीवर ब्लीच ओतले जाते. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. खाऱ्या हवेने गंजून एक्झॉस्ट बंद पडलेला, खिडकी हातभर. त्यात ही द्रावणे कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत, नाव न लिहिता भरून ठेवलेली असतात.

आता दंडाबद्दल. ॲपवर एक खोली जास्त विकली गेली, तर आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचे काम रिसेप्शनवरच्या मुलाचे. ३१ डिसेंबरला मालवणात रात्री दहाला दुसरी खोली कुठून आणणार? ‘चेक-इन नाकारले’ म्हणून कंपनी मालकाकडून रक्कम कापते, मालक मुलाच्या पगारातून. वेतनाच्या कायद्यानुसार दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही आणि आधी कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते. १५,००० पगारावर ही मर्यादा ४५० रुपयांची आहे. एका रात्रीच्या खोलीचे भाडेच त्याच्या दुप्पट-तिप्पट असते.

हाऊसकीपिंगच्या बायका बहुधा जवळच्या वाडीतल्या, रोजावर. पाहुणा आत असताना खोलीत जायचे तर दार बादलीने अडवून उघडे ठेवायचे, हे त्या एकमेकींना शिकवतात. लेखी सूचना कुठेच नसते. १० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणची लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या समितीचा पत्ता हॉटेलच्या भिंतीवर लावलेला असावा, यात खर्च किती?

जूनमध्ये पाऊस लागला की ‘घरी जा, फोन करतो’. जे राहतात त्यांच्यापुढे न वाळणाऱ्या चादरी. एरवी खाटेमागे तीन जोड पुरतात: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात पाच लागतात. तीनच असले की दमट चादर इस्त्री मारून अंथरली जाते आणि वासाची तक्रार पुन्हा तिथेच येते.

महोदय, आमची मुख्य मागणी एकच आहे. कामगारसंख्या मोजताना एका पाटीखालची राज्यातली सगळी हॉटेले एकत्र धरा, आणि पगार, तास, विमा यांची जबाबदारी मालकाबरोबर पाटीवाल्या कंपनीवरही टाका. असे कुठे असते का, असे कुणी विचारील. जीएसटीच्या कायद्यात आहे. कलम ९(५) प्रमाणे नोंदणी नसलेल्या छोट्या हॉटेलची खोली ॲपवरून विकली गेली, तर कर ॲपवाल्या कंपनीने भरायचा असतो. करासाठी जी कंपनी सापडते ती पगारासाठी का सापडू नये? प्रत्येक खोली किती वाजता सुटली आणि किती वाजता भरली याची नोंद तिच्याकडे मिनिटासकट आहे.

तोवर एवढे करा. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या खात्याचा माणूस एखाद्या अशा हॉटेलात पाठवा. त्याने सकाळी ११ ते दुपारी अडीच या वेळात यावे आणि रिसेप्शनवर न थांबता जिन्याने वर जावे. रजिस्टर खाली नेहमीच नीट भरलेले असते.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील हॉटेल कामगार