आधी बारा कामे ठरवा, मग बारा नावे: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय बास्केटबॉल संघाची निवड जवळ आली की अमक्याला घ्या, तमक्याला का वगळले, अशा पत्रांचा आपल्याकडे ढीग लागत असेल. या पत्रात एकही नाव नाही. आपणही कोणाचे नाव सुचवू नये, ही आमची पहिली विनंती. सरकारने संघनिवडीत हात घातला तर फिबा, म्हणजे बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना, राष्ट्रीय संघटनेला निलंबित करू शकते आणि त्याची शिक्षा खेळाडू भोगतात.

मात्र निवड कोणत्या रीतीने होते हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, कारण शिबिराचा आणि प्रवासाचा खर्च लोकांच्या पैशातून होतो. तो मंजूर करताना एकच अट घालावी: शिबिर सुरू होण्याआधी संघातल्या बारा जागांची बारा कामे कोणती आणि ती कशावरून पारखणार, हे संघटनेने लिहून जाहीर करावे. नावे त्यानंतर.

एवढ्या अटीने काय साधेल, हे समजण्यासाठी थोडे गणित पाहावे लागेल. फिबाच्या नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर पाच खेळाडू, म्हणजे प्रशिक्षकाला वाटायला २०० खेळाडू-मिनिटे मिळतात. पहिले पाच जण सरासरी २८ मिनिटे खेळले तर १४० मिनिटे संपली. उरलेली ६० मिनिटे तिघा-चौघांत जातात. आता चेंडूचा हिशेब. ४० मिनिटांत एका संघाकडे चेंडूचा ताबा साधारण सत्तरएक वेळा येतो आणि त्यातून बास्केटवर साठ-पासष्ट शॉट निघतात. आपापल्या क्लबमध्ये सामन्याला १८ शॉट मारणारे पाच जण एकत्र आणले, तर त्यांची सवय ९० शॉटची आहे. तेवढे शॉट सामन्यात नसतातच. मग दोघे-तिघे कोपऱ्यात उभे राहतात, चेंडूशिवाय काय करायचे हे त्यांना ठाऊक नसते आणि बचावातही त्यांचे मन लागत नाही. सर्वाधिक गुण करणाऱ्या बारा जणांची यादी म्हणजे संघ नव्हे, ते याच कारणाने.

कामांची वाटणी कशी असावी, यावर मतभेद होतील आणि ते व्हायलाच हवेत. आमचे मत असे. दबावाखाली चेंडू पुढे नेऊ शकणारे गार्ड तीन हवेत, दोन नव्हे. आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याने पूर्ण मैदानावर प्रेस लावला, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला सुरुवातीपासूनच घेरले, आणि दोनपैकी एक गार्ड फाऊलमुळे बाकावर असला, तर दहा गुणांची आघाडी तीन मिनिटांत जाते. दुखापत झाली तर हाल आणखी वाईट, कारण मोठ्या स्पर्धेत तांत्रिक बैठकीत बारा नावे पक्की झाली की स्पर्धा संपेपर्यंत बदली मिळत नाही. तिसरा गार्ड सामन्याला चारच मिनिटे खेळेल. पण ती चार मिनिटे चेंडू न गमावता काढणे हेच त्याचे काम, आणि त्याची पारखही तेवढ्यापुरतीच व्हावी.

बाहेरच्या बाजूला चार-पाच जण लागतात. त्यांतल्या किमान दोघांना प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम गुणवीरासमोर पूर्ण सामनाभर उभे करता आले पाहिजे. बाकीच्यांचा ६.७५ मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेवरून, नेम असा हवा की त्यांना मोकळे सोडणे परवडू नये. फिबाच्या नियमांत बचाव करणाऱ्याने बास्केटखाली तीन सेकंदांहून जास्त थांबू नये असे बंधन नाही, त्यामुळे सेंटर, म्हणजे आत खेळणारा सर्वांत उंच खेळाडू, बास्केटखाली ठाण मांडून बसू शकतो आणि झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखणारा) घट्ट आवळता येतो. बाहेरून नेम नसलेले तीन खेळाडू एकाच वेळी मैदानावर असले, की आतल्या सेंटरला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही.

आत खेळणारे चार असावेत असा आमचा आग्रह आहे. पाच फाऊलनंतर खेळाडू बाद होतो, आणि क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळू लागतात. दोनच उंच खेळाडू नेले तर आतल्या बचावाला एकूण दहा फाऊल मिळतात. ताकदवान संघाविरुद्ध ते तिसऱ्या क्वार्टरमध्येच संपत येतात. चौघांची कामेही एकसारखी नसावीत: एकाने बास्केटचे रक्षण करावे, एकाने भक्कम स्क्रीन लावून (साथीदारासाठी बचावपटूची वाट अडवून) रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू, गोळा करावेत, एकाने बाहेर येऊन शॉट मारावा. २०२३च्या विश्वचषकात अमेरिकेच्या संघात गुणवत्ता भरपूर होती, पण आतली बाजू हलकी होती. लिथुआनियाने रिबाउंडवर वर्चस्व गाजवून त्यांना ११०-१०४ असे हरवले आणि तो संघ शेवटी चौथा आला. इतक्या श्रीमंत देशाला जे झाकता आले नाही, ते इतरांना कसे झाकता येईल?

अकरावी आणि बारावी जागा सर्वांत जास्त वाया जाते. ती बहुधा 'थोडक्यात हुकलेल्या' गुणवीराला दिली जाते. बाकावर बसायची सवय नसलेला हा खेळाडू आठवडाभरात नाराज होतो आणि नाराजी पसरते. तिथे असा कोणी हवा, जो सरावात प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य खेळाडूची हुबेहूब नक्कल करून संघाला तयार करेल आणि अचानक बोलावले तर तीन मिनिटे नीट बचाव करेल. गटात बरोबरी झाली की आपापसातल्या सामन्यांचा निकाल आणि त्यानंतर गुणफरक पाहिला जातो. म्हणजे हरलेल्या सामन्याची शेवटची दोन मिनिटेही मोलाची असतात, आणि ती बऱ्याचदा हेच खेळाडू खेळतात.

आता शिबिराबद्दल. सर्वाधिक अन्याय इथे होतो, आणि तो बहुतेक वेळा वाईट हेतूने नव्हे तर चुकीच्या मोजमापामुळे होतो.

शॉटच्या चाचणीचेच उदाहरण घ्या. तीन गुणांच्या रेषेवरून हंगामभर ३५ टक्के नेम असलेल्या खेळाडूकडून ४० शॉटमध्ये १४ अपेक्षित आहेत. पण निव्वळ योगायोगाने ते ११ होऊ शकतात आणि १७ही होऊ शकतात. खेळाडू तोच, नेमही तोच. ११ वाल्याला घरी पाठवून १७ वाल्याला संघात घेणे हे नाणे उडवण्याच्या जवळ जाते. हंगामातले दोनशे-तीनशे शॉट, तेही सामन्यातले आणि बचाव अंगावर असतानाचे, याहून कितीतरी विश्वासार्ह असतात. शिबिरात शॉट मोजायचाच असेल तर दमलेल्या पायांनी, धावत येऊन, हात वर केलेल्या बचावासमोर मोजावा. उभ्याने मारलेल्या शॉटमधून हाताची ठेवण तेवढी कळते.

उंचीचेही तसेच. बूट घालून मोजलेली उंची आणि जुन्या यादीतून उतरवलेली उंची, दोन्हींवर विसंबू नये. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनेही २०१९ पासून संघांकडून बूट न घालता मोजलेल्या उंचीची खात्री मागायला सुरुवात केली. अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी आणि उभ्याने हात वर केल्यावर बोटे कुठवर जातात, ही तीन मापे पहिल्याच सकाळी एकाच व्यक्तीने एकाच पट्टीने घ्यावीत. आतल्या खेळाडूसाठी तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे.

धावण्याच्या, उडीच्या आणि दमश्वासाच्या चाचण्या जरूर घ्याव्यात, पण त्या चाळणी म्हणून वापराव्यात. किमान पातळी गाठली की पुढच्या टप्प्यात प्रवेश, इतकेच. उडीच्या सेंटिमीटरांचे गुण करून ते खेळाच्या गुणांत मिसळले, की उत्तम उडी मारणारा पण बचावात कायम चुकीच्या जागी उभा राहणारा खेळाडू यादीत वर चढतो.

खरी पारख पाच विरुद्ध पाचमध्ये होते: पंच, २४ सेकंदांत शॉट मारायला लावणारे घड्याळ आणि आकडे टिपणारा लेखक, तिन्ही हजर असताना. संघ रोज बदलावेत, नाहीतर चांगल्या गार्डच्या जोडीला पडलेला सेंटर सुंदर दिसतो आणि दुसरा बिचारा मार खातो. गुणांखेरीज मोजण्यासारखे पुष्कळ आहे. रिबाउंडच्या वेळी आपला माणूस पाठीशी रोखला का, हात लावून किती पास वळवले, पिक अँड रोलच्या (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे वळण्याच्या डावपेचाच्या) बचावात मदतीला गेल्यावर परत वेळेवर पोहोचला का, मोकळ्या साथीदाराला चेंडू लगेच गेला की उशिराने. चेंडूच्या ताब्यांचा अंदाज काढायला सोपे सूत्र आहे: मैदानी शॉट, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट, अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले चेंडू), वजा आक्रमणातले रिबाउंड. या आकड्याने गुणांना भागले की दर ताब्यामागे किती गुण ते कळते, आणि वेगवान व संथ सामन्यांची तुलना न्यायाने होते. खेळाडू मैदानावर असतानाचा गुणफरक मात्र चार-पाच सराव सामन्यांवरून वापरू नये. इतक्या थोड्या वेळात तो साथीदारांचे कर्तृत्व सांगतो, त्याचे स्वतःचे नाही.

कागदपत्रांमुळे बुडालेल्या जागांचे आम्हाला फार वाईट वाटते, कारण हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखे असते. वयाच्या सोळाव्या वर्षांनंतर देशाचे नागरिकत्व मिळालेला एकच खेळाडू बाराजणांच्या संघात चालतो. परदेशात वाढलेल्या खेळाडूकडे सोळाव्या वर्षाआधीचा पासपोर्ट होता, हे कागदाने सिद्ध करावे लागते. नूतनीकरण केलेल्या पासपोर्टवर नवी तारीख असते आणि जुना हरवलेला असतो, तिथे सारे अडते. त्यामुळे जुन्या पासपोर्टच्या प्रती निवडीच्या आधी कित्येक महिने जमवाव्या लागतात. पासपोर्ट कार्यालयाच्या नोंदी लवकर मिळवून देणे हे काम मंत्रालयच करू शकते, आणि त्यात कसलाही हस्तक्षेप नाही.

वैद्यकीय तपासणी शिबिराच्या आधी व्हावी, शेवटी नव्हे. त्यात ईसीजीसोबत हृदयाची सोनोग्राफी असावी. फार उंच, लांब हातांच्या खेळाडूंमध्ये मार्फान सिंड्रोम या जनुकीय आजाराची शक्यता लक्षात ठेवावी लागते. त्यात महाधमनी कमकुवत असते आणि जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ही जबाबदारी खेळाडूवर ढकलू नये.

वेळेबाबत आम्ही विशेष कळकळीने लिहीत आहोत. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये घाईने जमवलेला अमेरिकेचा संघ तीन सामने हरून कांस्यपदकावर थांबला. उपांत्य फेरीत त्यांना हरवणाऱ्या अर्जेंटिनाचे मुख्य खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळत होते आणि त्यांनीच सुवर्ण नेले. पुढे अमेरिकेनेही खेळाडूंकडून अनेक वर्षांची बांधिलकी मागायला सुरुवात केली. जर्मनीचे तेव्हाचे प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट यांनी हेच केले: सलग उन्हाळे देशासाठी द्या, नाहीतर आत्ताच नाही म्हणा. त्या संघाने २०२२ मध्ये युरोपीय स्पर्धेत कांस्य जिंकले आणि २०२३ मध्ये एकही सामना न हरता विश्वचषक. बचावात एकाने जागा सोडली की दुसऱ्याने न सांगता ती भरणे, हे दोन आठवड्यांत शिकवता येत नाही.

पात्रता सामने हंगामाच्या मध्येच, ठराविक आठवड्यांत होतात आणि मोठ्या लीगमधले खेळाडू त्या वेळी बहुधा सुटत नाहीत. म्हणून २४ जणांचा कायम गट हवा आणि प्रत्येक कामासाठी दोन नावे हवीत. दोघांनाही एकच डावपेच, एकाच खुणा, एकाच शब्दांत शिकवलेले असावेत. शिबिरात २४ वरून १६ आणि सराव सामन्यांनंतर १६ वरून १२ अशी छाटणी करावी. शेवटची छाटणी प्रवासाच्या आदल्या रात्री करू नये. वगळलेल्या खेळाडूशी प्रशिक्षकाने समोर बसून बोलावे आणि दोन दिवसांत लेखी कारण द्यावे: कोणत्या कामासाठी विचार झाला, कुठे कमी पडले, पुढच्या वेळेसाठी काय करावे. ज्याने राष्ट्रीय शिबिरासाठी आपला हंगाम पणाला लावला, त्याला यादीत नाव नाही हे भ्रमणध्वनीवरच्या यादीतून कळणे फार क्लेशदायक आहे.

निर्णय कोणाचा, हेही लिहिलेले हवे. आमच्या मते २४ जणांचा गट समितीने ठरवावा आणि अंतिम बारा मुख्य प्रशिक्षकाने, कारण निकालाची जबाबदारी त्याच्यावर येते. समितीतल्या प्रत्येकाने चर्चेआधी आपले मत स्वतंत्रपणे लिहून द्यावे, म्हणजे ज्येष्ठाचा आवाज ऐकून बाकीचे माना डोलावणार नाहीत. ज्याच्या क्लबचा, अकादमीचा किंवा नात्यातला खेळाडू चर्चेत आहे, त्याने त्या वेळी खोलीबाहेर जावे. दाद मागण्याची सोय असावी, पण ती प्रक्रिया मोडली का एवढ्यापुरती. एका खेळाडूपेक्षा दुसरा चांगला आहे का, हे लवादाने ठरवू नये.

महिला संघाचे निकष पुरुषांच्या यादीवरून उतरवू नयेत. चेंडू सहा नंबरचा आहे, खेळाची लय वेगळी आहे, कामांची वाटणीही वेगळी पडते. तीन विरुद्ध तीनचा संघ तर पूर्ण निराळा: चार खेळाडू, १२ सेकंदांचे घड्याळ आणि १० मिनिटे किंवा २१ गुण. मुख्य संघातून गळालेल्यांना तिकडे पाठवणे हा त्या खेळावरचा अन्याय आहे.

आपल्याकडून आम्हाला हवे ते असे. शिबिराचा निधी शिबिराच्या आधी मिळावा. खेळाडूंचा दुखापत विमा पहिल्या सरावापासून लागू असावा. विमा नसला तर क्लब खेळाडू सोडत नाहीत, आणि त्यांना दोषही देता येत नाही. नोकरी करणाऱ्यांना भरपगारी रजेचे आणि शिकणाऱ्यांना परीक्षा पुढे घेण्याचे पत्र मंत्रालयाकडून वेळेत जावे. आणि निधीच्या मंजुरीपत्रात ती एक ओळ असावी: बारा कामे व त्यांचे निकष शिबिराच्या किमान ३० दिवस आधी जाहीर झाल्याशिवाय पहिला हप्ता मिळणार नाही.

कळावे,
आपले,
बास्केटबॉलचे काही प्रशिक्षक, पंच आणि गुणलेखक