खोडलेला कासार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी रचलेल्या शब्दकोड्याच्या कागदाचा तू पाठवलेला फोटो मी मोठा करून नीट पाहिला. आडव्या सातच्या घरांत ‘कासार’ लिहिलेले दिसते आणि त्यावरून दोनदा पेन्सिल फिरवलेली दिसते. शेजारी तू लिहिले आहेस, ‘जमत नाही. कासाराचा तळ्याशी काय संबंध?’

अरे, उत्तर बरोबर होते तुझे.

क्लू होता ‘तळे कशासाठी, तात्पर्य सांगा (३)’, म्हणजे उत्तर तीन अक्षरांचे. कशासाठी म्हणजे ‘का’, तात्पर्य म्हणजे ‘सार’. दोन्ही तुकडे तू बिनचूक जोडलेस आणि ऐन वेळी कचरलास, कारण कासार म्हणजे बांगड्या भरणारा एवढेच तुला ठाऊक. संस्कृतातून आलेला दुसराही एक कासार आहे. अमरकोशात ‘कासारः सरसी सरः’ असे तीन शब्द एकाच ओळीत शेजारी बसलेत आणि तिघांचाही अर्थ तळेच.

आता खालचा क्लू बघ. ‘सकल भक्तांत दडले हत्तीचे पिल्लू (३)’. हा तू चटकन सोडवलास. सकलमधले ‘कल’ आणि भक्तांमधला ‘भ’, झाला कलभ. पण कलभ तरी तुला कुठे माहीत होता? तरीही लिहिलास, कारण अक्षरे डोळ्यांसमोर छापलेली होती. ‘नवल उलटून झाली कापणी (३)’ हा मात्र कोरा सोडलास. नवल उलटे वाचले की ‘लवन’. असा शब्दच नसणार, असे तुला वाटले असेल. लवन म्हणजे कापणीच. कलभावर जो भरवसा टाकलास तोच लवनावर आणि कासारावर टाकायला हवा होता. मी आज लिहायला बसले ते एवढ्याचसाठी.

सोप्या कोड्यात शब्द आपल्या ओळखीचा असतो, फक्त तो लपलेला असतो. अवघड कोड्यात शब्दच अनोळखी असतो, आणि तरी तो तुला सापडावा अशी व्यवस्था क्लूमध्येच केलेली असते. क्लूच्या एका टोकाला अर्थ, उरलेल्या भागात अक्षरांची जुळणी. अर्थ ठाऊक नसेल तर जुळणी धर. शब्द तयार झाला की मग कोश उघड. तो तिथे असला, आणि अर्थ क्लूशी जुळला, की जो आनंद होतो तो मला ओळखीच्या शब्दाने कधीच दिलेला नाही. जन्मात न ऐकलेला शब्द आपण आधी स्वतः घडवतो आणि मग तो खरोखर असल्याचे कळते!

म्हणून ‘कोश उघडला म्हणजे हरलो’ हे तुझे म्हणणे मला मुळीच पटत नाही. इंग्रजीतल्या अशा कोड्यांवर तर बरेचदा छापलेलेच असते की चेंबर्स डिक्शनरी हाताशी ठेवा. प्रश्न क्रमाचा आहे. जुळणी न करता नुसती पाने उलटत बसलास तर कंटाळा येईल आणि हाती काही लागणार नाही. आधी बांधायचे, मग पडताळायचे.

हे सगळे सुरू कोणी केले ते तुला आवडेल. पहिले शब्दकोडे आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले, पण ते सरळ अर्थाचे होते. एडवर्ड पॉइस मॅथर्स याने १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये निव्वळ गूढ क्लूंची कोडी द्यायला सुरुवात केली आणि स्वतःचे नाव ठेवले टॉर्केमाडा, म्हणजे स्पॅनिश इन्क्विझिशनचा, पाखंडी ठरवलेल्यांना छळणाऱ्या धर्मन्यायालयाचा, तो क्रूर प्रमुख. १९३९ मध्ये तो गेल्यावर डेरिक मॅकनट आला. त्याने नाव घेतले झिमेनेस. तेही त्या न्यायालयाच्या एका न्यायाधीशाचे, म्हणजे इन्क्विझिटरचे, नाव. १९७२ मध्ये जोनाथन क्राउदर आला आणि त्याने डेझा या इन्क्विझिटरच्या नावाची रोमन अक्षरे उलटी करून ‘एझेड’ हे नाव घेतले. ए पासून झेडपर्यंतची सगळी भाषा त्या नावात आली. तुझ्या लवनासारखीच करामत, बघ!

नावे छळणाऱ्यांची असली तरी माणसे न्यायी होती. टॉर्केमाडा कधीकधी फार मोकाट सुटायचा. झिमेनेसने मात्र नियम घट्ट बांधले. क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, नेमकी जुळणी हवी, आणि फालतू शब्द एकही नको. अफ्रिट नावाच्या कोडेकाराने १९४९ मध्ये हेच फार सुंदर सांगितले होते. त्याचा आशय असा, की कोडेकाराच्या मनात वरवर दिसणारा अर्थ नसला तरी चालेल, पण जे मनात आहे ते त्याच्या शब्दांतून निघालेच पाहिजे. हे एकदा पटले की कागदाची भीती जाते. समोरचा तुला चकवणार, पण फसवणार नाही.

घरांची रचनासुद्धा तुझ्याच बाजूची असते. नेहमीच्या कोड्यात काळे चौकोन असतात आणि शब्दाची साधारण निम्मीच अक्षरे दुसऱ्या शब्दाला छेदतात. अवघड कोड्यांत बहुधा काळे चौकोन नसतातच, शब्द जाड रेघांनी तोडलेले असतात. त्यामुळे छेदणारी अक्षरे बरीच जास्त मिळतात. शब्द जितका दुर्मीळ, तितका आधार जास्त. म्हणून एका कोपऱ्यात अडलास तर तिथे डोके आपटत बसू नकोस, दुसरीकडून आत शिर.

आणखी एक. ‘पूर्वीचा’, ‘एके काळी’, ‘कवीचा’, ‘एडिंबरोमधला’ असे शब्द क्लूमध्ये आले तर ते शोभेचे समजू नकोस. शब्द जुना आहे, काव्यातला आहे, स्कॉटिश आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलेले असते. चेंबर्समध्ये स्कॉटिश आणि स्पेन्सर या जुन्या इंग्रज कवीच्या काव्यातले शब्द भरपूर आहेत, म्हणून हे कोडेकार तिकडे वारंवार जातात.

माझी एक चूक सांगते. एका इंग्रजी कोड्यात एक उत्तर अर्थाला बसले, छेदणारी अक्षरेही जुळली. जुळणीत एक अक्षर मात्र कुठून आले ते कळेना. मी म्हटले, असेल काहीतरी, आणि पेनाने लिहून टाकले. तो सगळा कोपरा दोन दिवस अडला. खरे उत्तर त्याच अर्थाचा दुसरा, कितीतरी जुना शब्द होता, आणि त्या एका अक्षराचाच फरक होता. तेव्हापासून प्रत्येक अक्षराचा हिशेब लागेपर्यंत मी पेन्सिलच वापरते, तीही फिकट.

तू फोनवर विचारलेस, ‘हे शब्द वापरतं कोण?’ खरेच, कोणी नाही वापरत. पण मोल्सवर्थने १८३१ साली मराठीचा कोश छापला, दाते-कर्वे मंडळींनी महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड रचले, ते काय फक्त रोजचे शब्द टिकावेत म्हणून? कोशातला शब्द कोणी शोधत येईपर्यंत तसाच पडून असतो. तू कलभ लिहिलास तेवढ्यापुरता तो शब्द कोणाच्या तरी कामी आला. मला याचे फार वाटते. म्हणून तर तुझ्यासाठी क्लू रचताना मी रात्री उशिरापर्यंत कोश घेऊन बसते.

आता कासारावरची रेघ पुसून टाक. उभा तीन तुला अडला होता, त्याचे दुसरे अक्षर ‘सा’ आहे, म्हणजे तोही सुटेल.

आणि हा नवा घे. पिल्लू सापडले, आता मोठे जनावर. क्लूमध्ये एकही शब्द जास्तीचा नाही, तिन्ही कामाचे आहेत:

‘हत्ती किंवा युद्ध (३)’

उत्तर फोनवर सांगू नकोस. लिहून पाठव, आणि अक्षर कुठून आले तेही लिही.

तुझी,
आई