सेकंड ओपिनियनला ब्लॉक सोबत न्या

संपादक महोदय,

कॅन्सरचे निदान झाले की ‘आणखी एका डॉक्टरांना दाखवा’ असे सगळेच सांगतात. काय घेऊन जायचे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. बहुतेक घरांतून रिपोर्टच्या झेरॉक्स नेल्या जातात. पण बायोप्सीचा रिपोर्ट हेसुद्धा एका पॅथॉलॉजिस्टचे मतच असते. तेवढ्यावर दिलेला दुसरा सल्ला फक्त उपचारांपुरता असतो. मूळ निदान चुकलेले असेल, तर ती चूक तशीच पुढे जाते.

खरा पुरावा म्हणजे बायोप्सीत गाठीतून काढलेला तुकडा. तो मेणात बसवून ब्लॉक करतात आणि तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवतात. फेरतपासणीसाठी या स्लाइड्सही हव्यात आणि ब्लॉकही, कारण आयएचसीसारख्या (पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या) चाचण्या पुन्हा करायच्या तर नवे काप ब्लॉकमधूनच घ्यावे लागतात. लॅबकडे लेखी अर्ज करावा. ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टशी ताडून पाहावा. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, मेण मऊ पडते. सुईने काढलेला तुकडा मुळातच बारीक असतो. जाल तिथे काप घेतले, तर जनुकीय चाचणीला काही उरत नाही. म्हणून पुढे कोणत्या चाचण्या लागतील, हे आधीच विचारून घ्यावे. स्कॅनच्या बाबतीत फिल्म पुरत नाही, डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल स्वरूपातली सीडी मागावी.

लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), सार्कोमा (हाडे, स्नायू, चरबी यांचा कॅन्सर) आणि मेंदूतील गाठी यांच्या स्लाइड्स त्या-त्या आजाराच्या पॅथॉलॉजिस्टने पाहणे आम्हाला अत्यावश्यक वाटते. स्लाइड पाहून दिलेल्या आकड्यावरही उपचार ठरतात: प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ग्लिसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा) 6 असेल तर अनेकदा नुसते लक्ष ठेवून चालते. 4+3, म्हणजे 7 असेल तर सहसा शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन सुचवतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू (गाठ वाढवणारे एक प्रथिन) ‘2+’ आले, तर ते ना होकारार्थी ना नकारार्थी. हर-टूचे जनुक मोजणारी फिश चाचणी करावीच लागते. ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर) निगेटिव्ह आले असेल, तर तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) किती वेळ होता हे विचारा. 6 ते 72 तास ही मान्य मर्यादा आहे. कमी वेळ राहिला तर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि रुग्ण हार्मोनच्या उपचारांना मुकतो.

हे सारे केमो किंवा मोठ्या शस्त्रक्रियेआधी व्हावे. केमोनंतर गाठीचे मूळ रूप आणि स्टेज नीट कळत नाही. बहुतेक घन गाठींमध्ये एक-दोन आठवड्यांनी बिघडत नाही, पण ते डॉक्टरांकडून पक्के करून घ्यावे. अक्यूट ल्युकेमिया (वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर), मज्जारज्जूवर दाब येऊन पायांतली शक्ती जाणे, श्वासनलिका दबणे, अशा वेळी थांबू नये: उपचार सुरू करावेत, स्लाइड्स मागाहून पाठवता येतात.

दोन मते जुळली नाहीत, तर धीराचे किंवा सोयीचे वाटते ते निवडू नये. फरक निदानात आहे, स्टेजमध्ये की उपचारात, हे दोघांकडून लिहून घ्यावे. तिसऱ्या तज्ज्ञाकडे तेवढाच प्रश्न न्यावा.

लॅबचालकांना आमची विनंती आहे: ब्लॉक आणि स्लाइड्स कोणाकडे, कशा मागायच्या आणि त्या किती वर्षे जपल्या जातात, एवढे प्रत्येक बायोप्सी रिपोर्टच्या तळाशी छापा. आज अनेक रुग्णांना ब्लॉक नावाची वस्तू मागता येते, हेच ठाऊक नसते.

– काही पॅथॉलॉजिस्ट